काळी चार

आमच्या वस्तीवरच्या महिला भजनी मंडळाकडं सगळं होतं. टाळ होते, वीणा होती, देवळाचा पखवाज होता, आणि एका भल्या माणसानं वडिलांच्या वर्षश्राद्धाला दिलेली पेटीसुद्धा होती. पेटी वाजवणारं मात्र कुणी नव्हतं. दर एकादशीला शेजारच्या गावातल्या एका बुवांना निरोप धाडायचा, ते मोकळे असले तर यायचे, आणि ते येईस्तोवर आम्ही देवळाच्या पायऱ्यांवर बसून ऊस, दूध आणि सुना या विषयांवर बोलायचो. बुवा आले की पेटीचे खटके ओढायचे आणि काळी एकला सूर धरायचे. आज काळी एक, उद्या काळी एक. त्यांच्या गळ्याला ती पट्टी जमायची, बोटांनाही तेवढीच ठाऊक होती.

पेटी न शिकलेल्यांसाठी सांगते. एका सप्तकात सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या. डावीकडून मोजायच्या. सा कुठल्याही पट्टीवर धरता येतो. ज्या पट्टीवर धराल ती तुमची पट्टी. पुरुषांना साधारण काळी एक, पांढरी दोन सोयीची पडते. बायकांचा गळा वेगळा. काळी एकमध्ये ध्रुवपद कसंबसं निभायचं, अंतरा आला की वरचा सा गाठताना निम्म्या बाया गप्प व्हायच्या. टाळ वाजत राहायचे, ओठ हलत राहायचे. ज्यांचा आवाज पोचायचा त्या किंचाळायच्या. वस्तीवरच्या सगळ्यांच्या नानी तर गातच नसत. ‘माझा गळा देवानं दिलाच नाही गं,’ असं म्हणायच्या, आणि आम्हालाही ते खरं वाटायचं.

पट्टीबिट्टी मला तेव्हा काही कळत नव्हती. मी पेटी शिकायला निघाले ते साध्या कारणानं: बुवांची वाट बघायचा कंटाळा आला होता. आमच्याकडं उसात बिबट्या असतो. शिरूर तालुक्यात ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही. अंधार पडायच्या आत बायांना घरी पोचायचं असतं, आणि बुवा दिवस मावळताना यायचे. म्हणजे हरिपाठ संपला की भजन उरकून पळायचं. आपल्यातलीच कुणी वाजवणारी असली तर चार वाजता सुरू करता येईल, एवढाच माझा हिशोब होता.

शिकवणारा मिळाला तो भीमेच्या पलीकडं. न्हावऱ्याहून निघालेला आमचा रस्ता पुलावरून पारगावला उतरतो, तिथून दौंड तालुका लागतो. पुढं गुऱ्हाळांचा वास घेत केडगाव आणि मग पुणे–सोलापूर रस्त्यावरचं चौफुला. माझं माहेर त्याच बाजूचं, त्यामुळं तिकडं जायला निमित्त लागत नाही. पण चौफुल्याचं नाव आमच्या भागात सहज घेत नाहीत. तिथं कला केंद्रं आहेत, म्हणजे आमच्या बोलीत थेटरं, आणि त्यांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायांच्या, म्हणजे संगीतबारीच्या, पार्ट्या आहेत. ‘अमका चौफुल्याला गेला होता’ एवढं कुणी म्हटलं की बाप्यांच्या माना खाली जातात आणि बायांच्या भुवया वर. माझे मास्तर तिथले. उभी हयात संगीतबारीत पेटी वाजवून आता केडगावात लेकाकडं राहत होते. माझ्या भावानं त्यांचं नाव सुचवलं आणि लगेच म्हणाला, ‘दाजींना आधी विचार.’

ह्यांनी फार विचार केला नाही. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, केला. ‘थेटरातला पेटीमास्तर देवाचं काय शिकवणार?’ असं त्या दोन दिवस धार काढता काढता विचारत राहिल्या. मी म्हटलं, ‘आत्याबाई, तुकोबांची पालखी यवतहून वरवंडला जाते ती कुठून जाते? चौफुल्यावरूनच ना? तुकोबा काही तो टप्पा वगळत नाहीत.’ हे उत्तर मला वेळेवर कसं सुचलं कोण जाणे. आत्याबाई हसल्या नाहीत, पण तो विषयही त्यांनी पुन्हा काढला नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी मला पेटीला हात लावू दिला नाही. म्हणाले, ‘ताई, गा.’ काय गाऊ? ‘जे रोज म्हणता ते. पेटीबिटी विसरा, घरात म्हणता तसं म्हणा.’ मी डोळे मिटून एक अभंग म्हटला. त्यांनी मागून हळूच एक पट्टी दाबली, मग दुसरी, आणि एका ठिकाणी थांबले. माझा आवाज आणि पेटीचा आवाज वेगळा ऐकू येईना. ‘काळी चार,’ ते म्हणाले. ‘तुम्ही भजनात कुठं गाता?’ मी काळी एक सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. मग जे सांगितलं ते मला आजही तोंडपाठ आहे: काळी एकचा जो पंचम, तोच काळी चारचा षड्ज. बुवांचा प आमचा सा होता. शेजारच्याच खोलीत आमचं घर होतं आणि आम्ही वर्षानुवर्षं त्याच्या दारावरून जात होतो.

मास्तरांना हे एका क्षणात कसं कळलं? त्यांनीच सांगितलं. संगीतबारीत गाणारी बाई असते आणि पेटीवाला तिच्यामागं असतो. एकीची काळी चार, दुसरीची काळी पाच, सर्दी झाली तर तिचीच पांढरी पाच. बाईनं मान वळवून नुसतं बघितलं की पट्टी बदलायची, आणि बैठकीतल्या कुणाला कळता कामा नये. चाळीस वर्षं बायकांच्या गळ्यामागं चालत आलेला माणूस होता तो. देवळातल्या बुवांमागं आजवर बाया चालल्या होत्या. बुवा कुणाच्या मागं चालले नव्हते. ज्याला आम्ही थेटरातला म्हणून हिणवत होतो, त्यालाच तेवढा बाईचा सा ओळखता येत होता. आत्याबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘असंल.’ त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

शिकणं मात्र जिवावर आलं. माझे हात धार काढणारे. धारेला चारी बोटं एकामागून एक पण मिळून मिटतात, मनगटात जोर असतो. पेटीला उलटं हवं. एक बोट खाली गेलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि माझी अनामिका मधल्या बोटाला सोडून कुठंच जाईना. सारेग, रेगम, गमप. सकाळी म्हशीखाली बसायच्या आधी आणि रात्री भांडी झाल्यावर. त्यात डावा हात. भाता ओढायला डोकं लागत नाही असं बघणाऱ्याला वाटतं. मी जोरानं ओढायची आणि सूर खेकसायचे. मास्तर म्हणायचे, ‘वारा भरून ठेवा, उधळू नका. आत वारा साठलेला असला की बोटाला घाई राहत नाही.’ पहिला राग त्यांनी भूप दिला. त्यात म आणि नी नाहीत, पाचच सुरांवर भागतं. काळी चारवर धरला तर तीन काळ्या आणि दोन पांढऱ्या, त्या दोन पांढऱ्यांवर अंगठा. काळीवर अंगठा टाकला की ते माझ्या बोटांवर टिचकी मारायचे, नातीला मारावी तशी.

वाद्य शिकल्यानं स्मरणशक्ती वाढते, रक्तदाब उतरतो, मन शांत होतं, असं पेपरच्या रविवारच्या पुरवणीत येतं. माझं बीपी होतं तिथंच आहे. मन तर पहिले काही महिने अजिबात शांत नव्हतं. सा चुकला की चिडचिड व्हायची आणि ती पोरांवर निघायची. एक बदल मात्र खरा. पूर्वी भजनात मी माझ्यापुरती गायची. पेटी हातात आल्यावर दुसऱ्याचं ऐकावं लागलं: कोण मागं पडली, कोणाला दम लागला, कोण पुढच्या ओळीवर आधीच उडी घेणार. पेटीवाल्याला गाणाऱ्याच्या श्वासाआधी अर्धा श्वास कळावा लागतो. ही सवय मग पेटीपुरती राहत नाही. आत्याबाई ‘काही नाही’ म्हणतात तेव्हा काहीतरी आहे हे मला हल्ली लवकर कळतं.

पेटीविषयी आणखी एक सांगायला हवं, कारण तिला घराबाहेरची म्हणून टोचणारे अजून भेटतात. ती जन्मानं फ्रान्सची. अलेक्झांडर दबें नावाच्या कारागिरानं 1842 मध्ये पॅरिसला तिचं पेटंट घेतलं. पाय मारून वाजवायची ती. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याची पेटी पुढं कलकत्त्याला घडली. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, तिच्या श्रुती आपल्या नव्हेत, असे आक्षेप घेत 1940 मध्ये रेडिओनं तिला बाहेर काढलं आणि 1971 पर्यंत दार उघडलं नाही. तेवढ्या काळात महाराष्ट्रात काय बदललं? काही नाही. संगीत नाटकात गोविंदराव टेंबे तिला घेऊन आधीच बसले होते, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर घडत होते, आणि गावागावांतल्या देवळांत ती भाता ओढतच होती. माझ्या मते आक्षेप खरेच आहेत. मींड निघत नाही. पण पंचवीस अडाणी गळ्यांना एका जागी धरून ठेवायचं तर पेटीसारखं दुसरं वाद्य मला तरी माहीत नाही.

काळी चार मंडळात आणली त्या एकादशीला मोठा घोळ झाला. पखवाज माझा पुतण्या वाजवतो. त्यानं नेहमीप्रमाणं हातोडीनं गठ्ठे ठोकून काळी एकला लावलेला, डाव्या तोंडाला कणीक थापलेली. मी काळी चार धरली. आता पखवाज सांगत होता कालचाच सा, आणि आमच्या पट्टीत तो मध्यम झालेला. बायांचे कान पखवाजाकडं ओढले गेले. निम्म्या माझ्याबरोबर, निम्म्या त्याच्याबरोबर. ‘काकी, तुम्ही चुकताय,’ पुतण्या ओरडला. त्याला काळी चारला चढव म्हणावं तर त्या रुंद तोंडाच्या पुडीला एवढा ताण सोसणार नव्हता, ती फाटलीच असती. मास्तरांना फोन लावला. ते हसून म्हणाले, ‘लहान तोंडाचा आणा, तोवर नुसत्या टाळावर म्हणा.’ तसं म्हटलं. टाळाला पट्टी नसते हे त्या दिवशी फार उपयोगी पडलं.

आणि अंतऱ्याला नानी गायल्या. कुणी त्यांना गा म्हटलं नव्हतं. आवाज जाडाभरडा, पण सुरात. वरच्या सा वर त्या सहज जाऊन उभ्या राहिल्या. शेजारची वळून बघायला लागली तशा त्या थांबल्या आणि पदर ओढून घेतला. पुढच्या अभंगाला पुन्हा सुरू. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्मभर मुकी बसलेली, केवळ पट्टी चुकीची म्हणून. मला त्या दिवशी आनंदापेक्षा राग जास्त आला होता, हे लिहून ठेवते.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. दोघीतिघी म्हणाल्या, भजन उतरल्यासारखं वाटतं, जोर नाही राहिला. त्यांचंही खोटं नव्हतं. किंचाळण्याला एक जोर असतो, त्याची सवय जाते तोवर सूर फिका लागतो. बुवा काही दिवस आले नाहीत. मग एकदा येऊन मागच्या ओळीत बसले, टाळ घेतला, शेवटपर्यंत थांबले. माझ्याशी बोलले नाहीत. पुतण्याला मात्र ‘पखवाजाची शाई नवी भरून घे’ म्हणून सांगून गेले.

आता आम्ही चारला बसतो, सहाच्या आत उठतो, टॉर्च घेऊन घोळक्यानं घरी जातो. शिरूरला, जुन्या माणसांच्या घोडनदीला, एका सप्त्यात दुपारची वेळ मिळाली तेव्हा माईकवाल्यापाशी बसलेल्या कीर्तनकारांच्या तबलावाल्यानं मला विचारलं, ‘ताई, कोणत्या पट्टीत?’ उत्तर अर्थात ठरलेलं होतं. पण हा प्रश्न कुणी मला विचारील, आणि मग आपला तबला त्याप्रमाणं लावील, हे ध्यानीमनी नव्हतं. माझ्या लेकीनंही पेटी धरली आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देते. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात म्हणून तिचा बाप खूश, आणि ती खूश की नाही हे ती सांगत नाही. वाजवते बरी.

सध्या आमच्यात एकच वाद आहे. नव्या आलेल्या दोन सुनांचे आवाज कोवळे, काळी चारला त्यांचा खालचा सूर लागत नाही, त्यांना काळी पाच हवी. बचत गटातून स्केल चेंजर पेटी घ्यावी असं मी म्हणते. तिच्यात सगळा पट्टा सरकतो. बोटं तीच राहतात, पट्टी बदलते. मास्तरांना हे मुळीच मान्य नाही. ‘बाराही पट्ट्या हातानं वाजवायला शिका, यंत्रानं सरकवू नका,’ असं ते बजावतात. बरोबर आहे त्यांचं, पण बाराही पट्ट्या माझ्या बोटांत बसायला वर्षं जातील, आणि त्या पोरींनी तोवर नुसते ओठ हलवत बसायचं हे मला पटत नाही. गटाच्या बैठकीत पैशांचं ठरलं आहे. कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की पुण्याला जाऊन पेटी बघायची, आणि बघायला मास्तरांनाच बरोबर न्यायचं. शिव्या देत येतील, पण सूर तपासल्याशिवाय घेऊ देणार नाहीत.