मना

मानसशास्त्राच्या तासाला फ्रॉइडवर निबंध वाचण्याची पाळी माझ्यावर आली. चार रात्री जागून, अगदी तोलूनमापून प्रमाण मराठीत मी तो लिहिला होता. वाचनही ठीक झाले. शेवटी सरांनी विचारले, "हे झालं फ्रॉइडचं. तुम्हाला पटतं का?" कागदावरची नजर उचलली आणि तोंडून निघून गेले, "मना पटतं, सर."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणी तरी "जय जय रघुवीर समर्थ" अशी ललकारीही दिली. मनाचे श्लोक आठवले असणार.

गंमत अशी, की त्याच निबंधात जिभेच्या घसरणीवर मी दीड पान खर्ची घातले होते. बोलण्यातली चूक ही नुसती चूक नसते, आत दाबलेले काही तरी तिच्यातून डोकावते, हे फ्रॉइडने १९०१ मध्ये मांडले. ऑस्ट्रियाच्या संसदेतील अध्यक्षाने बैठक सुरू करतानाच 'बैठक संपली' असे जाहीर केल्याचे उदाहरण त्याने दिले आहे. नेणिवेची घडण भाषेसारखी असते, असे पुढे लाकाँ म्हणाला. कोणत्या भाषेसारखी, हा माझा प्रश्न कदाचित त्याला भाबडा वाटला असता.

माझ्या नेणिवेची भाषा आगरी असावी. आमच्या उलव्यात 'मला' म्हणायचे तर 'मना' म्हणतात. शाळेत 'पानी'चे 'पाणी' करताना मी पट्ट्या खाल्ल्या. आठवीपर्यंत जीभ स्वच्छ झाली. आगरी विसरलो, असेच मी समजत होतो. खरे तर लपवली होती.

गावही आता तिथे नाही. विमानतळासाठी टेकडी कापली, नदी वळवली, घरे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचे उद्घाटन झाले. उलवे म्हटले की लोकांना टॉवरच आठवतात. आजी नव्या वसाहतीत राहते, पण रात्री झोपेत जुन्या अंगणातल्या कोंबड्या हाकलते. फ्रॉइडलाही १९३८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, व्हिएन्ना सोडून लंडन गाठावे लागले. त्याच्या स्वप्नांतले अंगण कुठले होते, कोण जाणे!

वर्गातली फजिती आजीला सांगितली. तिला त्यात हसण्यासारखे काहीच सापडेना.

"मंग हासाला काय झालं? मना नाय तं कोनाला?"

पुढच्या तासाला हा प्रश्न मी सरांपुढे ठेवणार आहे. आजीच्याच शब्दांत.