निरवानिरव

आमच्या कोकणातल्या घराच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. बाबांचं अक्षर, निळी शाई, कडा वाळवीने कुरतडलेल्या. वर लिहिलंय ‘आल्यावर’, आणि खाली सहा ओळी : कुलूप काढणे, मेन स्विच, मोटर लावून टाकी भरणे, गॅसचा रेग्युलेटर, फ्रिज, देवापुढे दिवा. सगळ्यांत शेवटी एक सूचना : ‘जाताना हीच यादी खालून वर वाचावी.’

कुलूप काढल्याशिवाय जो कागद दिसतच नाही, त्याची पहिली ओळ कुलूप काढण्याची, यावर आम्ही भावंडं खूप हसायचो. बाबांनी दुसरा कागद वाचवला, एवढाच अर्थ मला तेव्हा लागला होता. मग एका जूनमध्ये एसटी चुकेल या घाईत मी आधी मेन स्विच पाडला, आणि फ्रिजमधलं दूध, गॅसचा खटका, देव्हाऱ्यातली काड्यापेटी असं सगळं अंधारात चाचपडत आवरावं लागलं. जे शेवटी मांडलं ते आधी उचलायचं, कारण ते आधीच्यावर उभं असतं. पहिली ओळ हसण्यासाठी नव्हती. ती जाणाऱ्यासाठी होती.

पुढे मी पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहू लागलो, तेव्हा हाच कागद मला सी भाषेत भेटला. तिथे त्याचं नाव ‘ॲटएक्झिट’. १९८९च्या प्रमाणीकरणापासून तो त्या भाषेचा भाग आहे. प्रोग्रामने चालता चालता सांगून ठेवायचं, ‘मी निघेन तेव्हा हे काम कर.’ अशी किमान ३२ कामं नोंदवता आली पाहिजेत, असा दंडक. निघायची वेळ आली की ती आपोआप होतात, आणि होतात ती उलट्या क्रमाने. आधी नोंदवही उघडली आणि मग डेटाबेसशी जोडणी केली, तर जाताना आधी जोडणी सुटते आणि मग वही मिटते. कारण जोडणी सुटल्याची नोंदही त्याच वहीत व्हायची असते. सगळ्याच भाषा इतक्या शिस्तीच्या नाहीत. जावामध्ये शेवटची कामं सगळी एकदम सुटतात, क्रमाची हमी नाही. कार्य उरकल्यावरच्या लग्नघरासारखी.

मला यातली आवडणारी गोष्ट क्रमाची नाही, वेळेची आहे. तात्पुरती फाइल तयार केली की त्याच दमात, पुढच्या ओळीत, ती पुसण्याचं काम नोंदवायचं. घेतानाच परत करण्याचा शब्द द्यायचा. नंतर बघू म्हटलं की ते राहतंच.

पण या व्यवस्थेत एक फट आहे. ही यादी फक्त दारातून जाणाऱ्यासाठी आहे. प्रोग्राम स्वतःहून संपला तर ती वाचली जाते. बाहेरून सिग्नल आला तर गोष्ट वेगळी. पंधरा नंबरचा सिग्नल म्हणजे सांगावा : आता आवर. तो ऐकण्याची तजवीज आधी केली नसेल, तर त्यानेही यादी न वाचताच कारभार आटोपतो. आणि नऊ नंबर ऐकताही येत नाही, अडवताही येत नाही. प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं डॉकर तर थांबवताना सहसा पंधरा पाठवतं, दहा सेकंद वाट पाहतं आणि मग नऊ पाठवतं.

नऊने गेलेल्याचं मागे काय होतं? बरंचसं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आवरतो. मेमरी परत घेतो, उघड्या फाइली मिटतो, नेटवर्कच्या जोडण्या सोडतो. पण कर्नल म्हणजे शेजारी. त्याला पडवीतून दिसतं तेवढंच तो आवरणार. अर्धवट तात्पुरत्या फाइली तशाच राहतात. ‘आत कोणी आहे’ असं सांगणारी कुलूप-फाइल राहते, आत कोणी नसताना. पासवर्ड विचारण्यासाठी ज्याने पडद्यावरची अक्षरं लपवली, तो प्रोग्राम तिथेच मेला, तर टर्मिनल तसंच आंधळं राहतं. आपण टाइप करतो आणि काही उमटत नाही. मग न दिसणाऱ्या अक्षरांत ‘एसटीटीवाय सेन’ असं लिहून एंटर मारायचं. म्हणजे, बाबा रे, शुद्धीवर ये.

आणि बफर. प्रोग्राम जे लिहितो ते लगेच फाइलमध्ये जात नाही. थोडं हाताशी साठवून मग एकदम ओततात. नीट निघताना हे उरलेलं ओतलं जातं, अचानक जाताना नाही. म्हणून अपघातानंतर आपण नोंदवही उघडतो आणि नेमकी जी शेवटची ओळ हवी असते, तीच तिथे नसते.

सहा वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री अकराला बाबांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेतून रत्नागिरीला नेलं. ते परत आले नाहीत. त्या रात्री यादी कोणी वाचली नाही. शेजारच्या काकांनी पडवीतल्या बोर्डावरचा मेन स्विच पाडला आणि दाराला स्वतःचं कुलूप घातलं.

घर उघडलं ते पुढच्या मे महिन्यात. फ्रिजचं दार उघडवत नव्हतं, पण स्वयंपाकघर जागच्या जागी होतं. ओटा पुसलेला, भांडी पालथी, गॅसचा खटका बंद. आई कधी यादीच्या वाटेला गेली नाही. ती रोज रात्री झाकपाक करते, उद्या इथेच असलो तरी. यादीवर सगळा भरवसा होता तो बाबांचा, आणि पसारा राहिला तोही त्यांचाच. टेबलावर चष्मा, टोपण न लावलेलं पेन आणि आंब्याच्या पेट्यांची वही. किती पेट्या कोणाकडे गेल्या ते लिहिलेलं. कोणी किती दिले, ते अर्ध्याच नावांपुढे. बाकीचं त्यांच्या डोक्यात होतं.

स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि अर्मांडो फॉक्स यांनी २००३ साली एका निबंधात मांडलेला एक विचार मला फार उशिरा पटला. त्यांचं म्हणणं, थांबण्याची रीत एकच ठेवा : कोसळणं. आणि सुरू होण्याचीही एकच : सावरणं. शेवटच्या आवराआवरीवर विसंबू नका. कुठल्याही क्षणी दिवा गेला तरी मागे निस्तरता येईल इतकंच उरेल, असं रोज वागा. आईने हा निबंध वाचलेला नाही.

सावरणं मात्र मागून येणाऱ्याचं काम. नव्याने सुरू झालेला प्रोग्राम जुनी कुलूप-फाइल पाहतो, तिच्यातला आधीच्या प्रोग्रामचा नंबर वाचतो, त्या नंबराचा कोणी जिवंत आहे का ते विचारतो, आणि नसेल तर ती पुसून कामाला लागतो. मी वही घेऊन दोन दिवस वाडीत फिरलो. तिघांनी आकडा आपणहून सांगितला. एकाने सांगितला त्याहून दोन पेट्या जास्त निघाल्या, त्याच्याच हिशेबाने. बेरीज मी केली.

युनिक्समध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याला जन्म देतो तेव्हा बापाची शेवटच्या कामांची यादी मुलाकडे आपोआप येते. पण शहाणा मुलगा ती वापरत नाही. ‘अंडरस्कोर एक्झिट’ नावाच्या मागच्या दाराने तो गुपचूप निघतो. नाहीतर बाप जिवंत असताना त्याच्याच फाइली पुसून बसायचा, बापाच्या बफरमधलं तेच पुन्हा एकदा लिहून ठेवायचा.

मी पुढच्या दाराने निघालो. आधी टेबलावरच्या पेनाला टोपण लावलं. शाई कधीच वाळली होती. ते काही यादीत नव्हतं. मग दारामागच्या कागदापाशी उभा राहिलो आणि खालून वर वाचू लागलो. दिवा. फ्रिज. गॅस.