रिकामी यादी कुणाची?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत एक वाक्य होतं: 'आर्ग्युमेंट ऑफ टाइप व्यक्ती[] इज नॉट असाइनेबल टू पॅरामीटर ऑफ टाइप सेटस्टेटॲक्शन<नेव्हर[]>'. टाइपस्क्रिप्टमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी पाहिलेलं असतं. मी शंभरदा तरी पाहिलंय. दुरुस्ती दहा सेकंदांची असते. त्या रात्री मात्र मी पहाटेपर्यंत जागी राहिले, आणि त्याचं कारण टाइपस्क्रिप्ट नव्हतं.

ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जावास्क्रिप्टमध्ये यादी केली की तिच्यात काहीही टाकता येतं: आकडा, नाव, दुसरी यादी, काहीही. टाइपस्क्रिप्ट ही मायक्रोसॉफ्टने 2012 साली आणलेली तिची शिस्तीची बहीण. ती आधी विचारते, या यादीत काय येणार? यादीत एक जरी वस्तू असली तरी ती बघून अंदाज बांधते. यादी रिकामी असेल तर बघायला काहीच नसतं. मग रिअ‍ॅक्टमध्ये आपण नुसतं युजस्टेट([]) लिहिलं की ती सगळ्यात कडक अर्थ धरते: ही 'नेव्हर'ची यादी. नेव्हर म्हणजे असा प्रकार ज्याची एकही वस्तू जगात असू शकत नाही. या यादीत आज कुणी नाही, आणि पुढेही कुणी येऊ शकत नाही.

गंमत म्हणजे ती नेहमी एवढी कडक नसते. फंक्शनच्या आत साधी रिकामी यादी करून खालच्या ओळीत तिच्यात काही ढकललं, तर 2.1 व्या आवृत्तीपासून ती मागोमाग बघत जाते आणि प्रकार ठरवते. पण तीच रिकामी यादी एखाद्या ऑब्जेक्टच्या आत ठेवली, युजस्टेटला दिली किंवा रिड्यूसची सुरुवात म्हणून दिली, की ती जागच्या जागी निर्णय घेऊन मोकळी होते. नवीन मुलं इथेच वैतागतात. 'अहो, रिकामी आहे म्हणून तर भरतोय ना!'

मीही नवीन असताना वैतागून 'एनी' लिहायचे. एनी म्हणजे, बाई, तू बघूच नकोस. पहिल्या नोकरीत बिलांच्या एका स्क्रीनवर मी तसं केलं होतं. मागचा सर्व्हर पीएचपीत होता. पीएचपीत यादी आणि नावानिशी ठेवलेला संच दोन्ही ॲरेच. भरलेला संच ब्राउझरकडे येताना महिरपी कंसात येतो, आणि रिकामा असला की चौकोनी कंसात. त्यामुळे ज्या ग्राहकाचं एकही बिल नाही त्याच्यासाठी वेगळाच आकार यायचा, आणि नेमकं नव्या ग्राहकाला पांढरं पान दिसायचं. चूक शोधायला दीड दिवस गेला. एनी लिहिला नसता तर त्या डेटाचा आकार मला कुठेतरी लिहावा लागला असता, आणि लिहिताना प्रश्न पडला असता. तेव्हापासून मी रिकाम्या कंसाआधी प्रकार लिहिते, कुणी हसलं तरी.

तर ती रात्र. आमचं घर पंचवटीत, काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. पलीकडच्या गल्लीत आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय राहतात. त्यांच्याकडे नामावळीच्या वह्या आहेत, गावावर आणि आडनावावर लावलेल्या. रामकुंडावर कुणी आलं की गुरुजी गाव विचारतात, वही काढतात आणि तुमच्या पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. जुन्या नोंदी मोडीत आहेत, नंतरच्या बाळबोधमध्ये. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात पाणी दुतोंड्या मारुतीला पार गिळून वर आलं, तेव्हा गुरुजींनी सगळ्या वह्या माळ्यावर हलवल्या होत्या. त्यानंतर काकू माझ्या मागे लागल्या: तू कॉम्प्युटरवाली ना, मग याचं काहीतरी कर. आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. गर्दीत एकेक वही शोधण्यापेक्षा फोनवर नुसता वहीचा आणि पानाचा नंबर सापडला तरी पुरे, एवढीच त्यांची अपेक्षा.

मी शनिवार-रविवारी बसून प्रकार लिहायला घेतले. जावास्क्रिप्टमध्ये नावं देवनागरीतही देता येतात. ऑफिसात हिंमत होत नाही, इथे मनसोक्त दिली. व्यक्ती, गाव, नोंद, मुलगे.

खरी अडचण रिकाम्या जागांची होती. वहीत कितीतरी नावांखाली काहीच नाही. मी गुरुजींना विचारलं, "याचा अर्थ यांना मूलबाळ नव्हतं?"

"असं कसं म्हणतेस? या घरातलं परत कुणी आलंच नाही, म्हणून रिकामं. आणि हे बघ, इथे वाळवीने खाल्लंय. इथे मात्र खरंच कुणी नव्हतं, वडिलांनी तसं बाजूला लिहून ठेवलंय."

म्हणजे एकाच रिकाम्या जागेचे तीन अर्थ. कोडमध्ये त्यांना तीन वेगळी रूपं द्यावी लागतात. कुणी नव्हतं, तर रिकामी यादी. ठाऊक नाही, तर अनडिफाइन्ड. होतं पण वाचता येत नाही, तर मी नल ठेवलं. आम्ही रोजच्या कामात हे तिन्ही खुशाल एकत्र करतो, नलच्या जागी रिकामी यादी सरकवतो आणि पुढे जातो, कारण स्क्रीन फुटत नाही. इथे तसं केलं असतं तर ज्यांच्या घरातलं कुणी फक्त नाशिकला आलं नाही, त्यांना मी निपुत्रिक ठरवलं असतं.

नेव्हरची ती चूक मी ठरल्याप्रमाणे दहा सेकंदांत सुधारली. युजस्टेटच्या पुढे टोकदार कंसात व्यक्ती[] लिहिलं, लाल रेघ गेली. मग चाचणीसाठी एक घराणं हवं होतं. आमचंच पान माझ्या फोनमध्ये होतं, तेच भरायला घेतलं. खापरपणजोबांपासून आजोबांपर्यंत. मग काका, त्यांचे दोन मुलगे. मग बाबा. बाबांच्या नावाखाली वहीत काही नाही, म्हणून मी लिहिलं: मुलगे, रिकामी यादी.

सगळं हिरवं. एकही चूक नाही. स्क्रीनवर बाबांच्या नावाखाली मीच दोन दिवसांपूर्वी लिहिलेलं वाक्य उमटलं: 'पुढे वंश नाही'.

बाबा 2022 साली गेले. अग्नी मी दिला, अस्थीही रामकुंडात मीच सोडल्या. त्या दिवशी गुरुजींनी वही काढली होती, कोण आलं आणि कशासाठी आलं ते लिहिलं होतं, आणि खाली माझी सही घेतली होती. म्हणजे आल्याच्या नोंदीत मी आहे. वंशावळीत नाही.

मी स्वतःला त्या यादीत घालून बघितलं. लगेच लाल रेघ: 'टाइप स्त्री इज नॉट असाइनेबल टू टाइप पुरुष'. आणि हा प्रकार गुरुजींनी लिहिला नव्हता, त्यांच्या वडिलांनीही नाही. मुलगा म्हणजे नाव, गाव आणि लिंग 'पुरुष', हे मीच टाइप केलं होतं, वहीकडे बघत, चहा पीत. रिकाम्या यादीआधी प्रकार लिहा म्हणून ऑफिसात सगळ्यांचं डोकं खाणारी मी. प्रकार लिहिला होता, तो नियमाला धरून होता, आणि त्यात मला जागा नव्हती.

मुलगेचं अपत्ये केलं तेव्हा सात फायलींत चौतीस चुका उगवल्या. एकेक करत गेले. छापायचं वाक्य बदललं, शोध बदलला, लग्नानंतर गाव बदलणाऱ्या मुलीचं पान कुठलं धरायचं यावर अर्धा तास अडले आणि शेवटी दोन्ही गावं ठेवली. संपलं तेव्हा पहाटेच्या काकड्याचा आवाज येत होता.

सकाळी गुरुजींकडे गेले. कोड वगैरे काही सांगितलं नाही, नुसतं पान काढायला लावलं.

"गुरुजी, वहीत मुली का नाहीत?"

"काही पानांवर आहेत. बहुतेक ठिकाणी नाहीत. सांगणारेच सांगत नसत, मग लिहिणारा काय लिहिणार?" जरा थांबून म्हणाले, "तुझ्या वेळी मीही विचारलं नाही."

"आता लिहिता येईल?"

त्यांनी चष्मा पुसला, बाबांच्या नावाखालची जागा बोटाने मोजली. "मी नाही लिहिणार. तू लिही, तुझ्याच हाताने. तारीख आजची घाल, मागची नको."

काकूंनी किराण्याच्या यादीवरचं बॉलपेन आणून दिलं. कागद जाड होता, शाई लवकर बसेना, त्यामुळे नाव थोडं जाड आलं. लिहून झाल्यावर गुरुजींनी खालची कोरी जागा दाखवली आणि विचारलं, "आणि याखाली काय?"

"सध्या काही नाही."

"मग सोडून ठेव तेवढी," ते म्हणाले, आणि वही बांधायला लागले, कारण दारात जालन्याकडची मंडळी येऊन उभी होती.