नाव नको, माप सांगा

जुन्या जीपचा प्रॉपेलर शाफ्ट घ्यायला दुकानात गेलं, की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी कोणती? आमच्या मामूंच्या गाडीबाबत या प्रश्नाला एका शब्दात खरं उत्तर देता येत नाही. आरसी बुकात ती महिंद्राची सीजे-३बी आहे. बॉनेटखाली प्यूजोचं डिझेल इंजिन आहे, त्याची नोंद आरटीओत रीतसर झालेली आहे. गिअरबॉक्समागचा ट्रान्सफर केस मूळ जीपचा, तर मागचा एक्सल नंतरच्या मॉडेलचा. मग गाडीचं नाव काय सांगायचं?

आपल्याकडे अशा मिश्र जीपा कमी नाहीत, आणि त्यामागे एक इतिहास आहे. ज्या कंपनीने भारतात विलीज जीप आणली, तिचं पहिलं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. १९४५ साली लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ती काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. त्या जीपा पेट्रोलवर चालायच्या. पेट्रोल परवडेना तसं लोकांनी त्यांत डिझेल इंजिनं बसवली, कुणी ट्रॅक्टरचंसुद्धा. इंजिन बदललं की गिअरबॉक्स बदलतो, गिअरबॉक्स बदलला की सगळी लांबी बदलते. आमच्या नगरला तर भिंगारच्या छावणीमुळे आणि व्हीआरडीईमुळे लष्करी गाड्या रोज नजरेसमोर. जीप उघडून पुन्हा जुळवणारे हात या शहरात तयार झाले, यात नवल नाही.

मामूंची जीप मात्र हौसेची नाही. ती अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, वाड्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन खाली आणते. नगर जिल्हा म्हटलं की पाथर्डी-जामखेडचा दुष्काळ आठवतो. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर आहे, आणि तिथला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला फोर-व्हील कशाला लागतं हे सांगावं लागत नाही. मे महिना संपत आला होता. गिअर टाकताना खालून 'टक्' असा आवाज यायला लागला. मागच्या शाफ्टचे क्रॉस संपले होते आणि स्लिप योकच्या स्प्लाइन इतक्या झिजल्या होत्या, की हाताने हलवल्यावर खेळ दिसत होता.

क्रॉस बदलून भागलं असतं तर प्रश्नच नव्हता. झिजलेल्या स्प्लाइनला मात्र इलाज नाही. आणि या जातीच्या जीपमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी बऱ्याच चालकांना ठाऊक नसते. हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे असतो. तो शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. चढावर मागचा शाफ्ट तुटला, तर गाडीची ओढ जाते आणि हँडब्रेकही जातो. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं, तर गाडी मागून उचलली जाऊ शकते. दुधाचे कॅन भरलेले, शेजारी शाळेला निघालेली दोन पोरं, आणि खाली दरी. मामूंनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "पावसाच्या आत बघ बाबा."

मी गाडीचं नाव सांगून एक शाफ्ट मागवला. नवा कोरा, रंग चकचकीत. गॅरेजमधल्या उस्तादांनी तो बसवायच्या आधी जमिनीवर जुन्याशेजारी ठेवला आणि मान हलवली. दुकानदाराने सीजेचा शाफ्ट म्हणून पाठवलेला तो खरोखर सीजेचाच होता. फक्त आमची गाडी आता तेवढी सीजे राहिली नव्हती. उस्ताद म्हणाले, "नाव नको, माप सांगा. गाडीला दोन टोकं असतात, ती मोजायची."

मग त्यांनी मोजायला घेतलं. गाडी जॅकवर नाही, चाकांवर उभी. मागे पाण्याने भरलेले कॅन ठेवायला लावले, कारण पाटे दबले की एक्सल वर येतो आणि दोन टोकांमधलं अंतर कमी होतं. रिकाम्या गाडीच्या मापाने घेतलेला शाफ्ट भरल्या गाडीत आखूड जागेत सापडतो. स्लिप योक तळाला टेकतो आणि धक्का ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर बसतो. उलट तो फारच आखूड असेल, तर चाक खड्ड्यात लटकल्यावर स्प्लाइन सुटायची भीती. म्हणून दोन्ही टोकांची मापं घेऊन सरकायला दोन्हीकडे जागा सोडायची.

नंतर टोकं. पुढे यू-बोल्टने बसणारा योक, मागे चार बोल्टांचा फ्लँज. भोकांमधलं अंतर, फ्लँजच्या मधल्या गाळ्याचा व्यास, क्रॉसच्या कपाचा व्यास. पुढचा क्रॉस १३१० सीरिजचा निघाला: कप २७ मिलिमीटर, रुंदी ८२ मिलिमीटरच्या आसपास. स्प्लाइन मोजताना एका दातावर खडूची खूण करायची, नाहीतर मोजणी चुकते.

शेवटी कोन. जुन्या विलीजमध्ये मागचा डिफरन्शियल मधोमध नसतो, एका बाजूला सरकवलेला असतो, म्हणजे शाफ्ट वरून पाहताना सरळ जातो. आमचा बदललेला एक्सल मधोमधवाला. त्यामुळे शाफ्ट खाली उतरतो आणि तिरकाही जातो. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि दोन्ही योक एका रेषेत असतील, तर ही खळबळ तिथे फिटते. योक एका दाताने जरी फिरवून बसले, तरी गाडी थरथरते आणि नवे क्रॉस काही महिन्यांत संपतात.

या मापांचा तयार शाफ्ट कुठल्याच यादीत नव्हता. मग तो तयार करावा लागला. एका जुन्या शाफ्टची चांगली स्प्लाइन आणि योक, दुसऱ्याचा फ्लँज, मध्ये नवी नळी. लेथवर कापून, दोन्ही योक एका रेषेत धरून, डायल लावून वाक तपासत वेल्डिंग झालं. त्यानंतर बॅलन्सिंग. काही जण हा खर्च वाचवतात. जीप काही शंभरने पळत नाही, असं म्हणतात. पण उतारावर रिकामी गाडी जोरात येते, आणि बॅलन्स नसलेला शाफ्ट तेव्हाच बेअरिंग खातो. उस्तादांनी पुढच्या टोकाजवळ लोखंडी पट्टीचं कडंही बसवलं, म्हणजे क्रॉस तुटलाच तर शाफ्ट रस्त्याला टेकणार नाही.

बसवल्यावर स्प्लाइनच्या उघड्या भागावर ग्रीस लावून भरल्या गाडीने कच्च्या रस्त्यावर एक फेरी मारली. ग्रीस किती पुसलं गेलं त्यावरून योक कुठपर्यंत सरकतो ते दिसलं. तळाला टेकायला अजून बोटभर जागा होती.

ज्यांच्याकडे अशी जोडकामाची गाडी आहे, त्यांनी एक काम आजच करावं. शाफ्ट धड असतानाच ही सगळी मापं एका कागदावर लिहून ठेवावीत. मोडलेल्या शाफ्टवरून खरी लांबी कळत नाही. मामूंनी तो कागद आता आरसी बुकात घडी करून ठेवला आहे. आरसीवर गाडीचं नाव आहे, कागदावर तिची मापं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घाटघरला पाऊस लागला, आणि दूध रोज खाली येत होतं.