बिऱ्हाड आसनगावी

मुंबईत नोकरी मिळते पण जागा मिळत नाही, हे गाऱ्हाणे आपल्या आजोबांच्या पिढीपासून चालत आले आहे. त्यात आता माझीही थोडी भर घालतो. मुंबईत एम.ए.ला प्रवेश मिळतो, पण रात्री पाठ टेकायला जागा मिळत नाही.

गेल्या जुलैत माझी एक विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. किन्हवलीच्या पुढच्या खेड्यातली मुलगी. बी.ए. झाली आणि मुंबई विद्यापीठात, कलिन्याला, मराठीच्या एम.ए.ला तिचे नाव लागले. मी पेढा तोंडात टाकतो न टाकतो तोच म्हणाली, "सर, जायचं की नाही तेच ठरत नाहीये."

एका वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत तिचे नाव बरेच खाली होते. वाकोल्याच्या एका बाईंनी महिना आठ हजार सांगितले होते. खोलीचे नव्हेत, खाटेचे! शिवाय अनामत वेगळी. घरी भाताची शेती आणि पाठीवर दोन भाऊ.

"बाबा म्हणतात, आसनगावला खोली बघू. पण तिथून रोज जमेल का?"

हा प्रश्न तिने मला विचारावा हे साहजिकच होते. २००१ ते २००३ ही दोन वर्षे मी आसनगावला चारशे रुपये भाड्याच्या खोलीत राहून त्याच कलिन्याला जात होतो. तरी उत्तर चटकन देववेना. म्हटले, "रविवारी आपण तिथंच भेटू."

कल्याणला रेल्वेच्या दोन वाटा फुटतात, एक कर्जतला जाते, दुसरी कसाऱ्याला. ही दुसरी वाट धरली की टिटवाळ्याच्या गणपतीपर्यंत शहर मागे मागे येत राहते. खडवलीला भातसा नदी दिसली की ते पाठ सोडते. निदान माझ्या वेळी सोडत असे. आता वाशिंदपर्यंत इमारती भाताच्या खाचरांत उतरल्या आहेत. रेल्वे वाशिंदला आली १८५५ साली आणि आसनगावला १८६० साली. मधल्या एवढ्याशा टप्प्याला पाच वर्षे लागली, हे ध्यानात ठेवले म्हणजे मेलला वाट देण्यासाठी आपली लोकल दहा मिनिटे थांबली तरी फारसा राग येत नाही.

आसनगाव जवळ आले की डाव्या हाताला माहुलीचा डोंगर उभा राहतो. त्याच्या सुळक्यांना लोक नवरा, नवरी आणि भटजी म्हणतात. एवढे वऱ्हाड तिथे बिनभाड्याने उतरले आहे! १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालवारसाला घेऊन याच गडाचा आसरा घेतला होता. वेढा पडला आणि त्यांनाही तो सोडावा लागला. भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून गड पाहताना मला त्यांची फार आठवण होई.

स्टेशनवर मुलगी आणि तिचे वडील उभे होते. शहापूरच्या रिक्षावाल्यांचा पुकारा चालू होता. एक ठाकरीण कंटोळ्यांचे वाटे मांडून बसली होती. खोली स्टेशनापासून दहा मिनिटांवर, पत्र्याच्या चाळीत. एक मोरी, एक खिडकी, भिंतीला तीन खुंट्या. भाडे अडीच हजार. घरमालकीणबाई बोलायला मोकळ्या होत्या. "पाणी सकाळीच भरून ठेवायचं हं बाळ. उन्हाळ्यात जरा ओढच असते."

तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईला पाजणारी धरणे याच शहापूर तालुक्यात आहेत. तानशाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते. उन्हाळ्यात इकडच्या पाड्यांवर टँकर फिरतात आणि इथले पाणी मात्र मुंबईच्या चौदाव्या मजल्यावर राहायला जाते. त्याला अनामत पडत नाही. या मुलीला पडते.

"सर, खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्ही कसं केलंत?"

मग मी खरे सांगितले. कुर्ल्यापर्यंत सुमारे सत्तर किलोमीटर. तिथून बस नाहीतर शेअर रिक्षा. दाराला कुलूप लावल्यापासून वर्गात बसेपर्यंत अडीच तास, आणि तितकेच परत. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर हजार तास होतात, म्हणजे एक्केचाळीस दिवस आणि एक्केचाळीस रात्री गाडीत. आसनगावहून सुटणारी गाडी मिळाली तर सकाळी बसून वाचता येते. संध्याकाळी उभ्याने ते आठवायचे. याची सवय होते. अंग कुरकुरते, पण तेही ऐकते.

सवय झाली नाही ती एका गोष्टीची. संध्याकाळची व्याख्याने, ग्रंथालयातल्या गप्पा, चहाच्या टपरीवर प्राध्यापकांशी रंगलेले वाद, यातले मला शेवटपर्यंत काहीच मिळाले नाही. मोठमोठ्या लेखकांना मी दोन वर्षे ऐकले. पण शेवटची दहा मिनिटे एकाचीही ऐकली नाहीत. घड्याळ पाहायचे, पिशवी उचलायची, वाकून बाहेर पडायचे. एकदा वक्ते मध्येच थांबून म्हणाले, "कंटाळलात का?" सारे सभागृह हसले. मी आसनगावला राहतो, हे तिथून ओरडून कसे सांगणार? आज माझ्या वर्गात कुणी तास संपण्याआधी पिशवी आवरू लागले तर मी फळ्याकडे तोंड करतो.

वडील गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, "सर, तुम्ही नको म्हणालात तर नको."

"नको म्हणायला मी तिला आणलं नाही," मी म्हटले. "पण त्या यादीत नाव वर सरकतंय का, ते दर आठवड्याला जाऊन विचारायचं. लाजायचं नाही. खोली मिळाली म्हणून ते सोडायचं नाही." मी लाजलो होतो, हे मात्र सांगितले नाही.

मुलीने खिडकी उघडून पाहिली. कडी घट्ट बसते की नाही, ते दोनदा तपासले. मग वडिलांकडे पाहिले. त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून मालकीणबाईंच्या हातावर ठेवल्या.

"मी दाराजवळच बसत जाईन, सर," ती म्हणाली. "म्हणजे उठताना कुणाला त्रास नको."

स्टेशनवर परत येताना कुर्ल्याच्या पुलासमोर कितवा डबा लागतो, ते मी तिला मोठ्या अधिकाराने समजावू लागलो. बारा डब्यांची लोकल येऊन उभी राहिली, तेव्हा आठवले की माझी गाडी नऊ डब्यांची होती.