साचा आणि आश्रय

कुंभकोणमपासून थोड्याच अंतरावर, कावेरीकाठी, स्वामिमलै हे गाव आहे. तेथील स्थपतींचे काम मी अनेकदा पाहिले आहे. मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून प्रथम मूर्ती घडते; नारळाच्या पात्याला घड्या घालून तिच्या अंगप्रत्यंगांची मापे ठरतात. मग नदीच्या गाळाचे लेप चढतात, तापविल्यावर मेण वितळून जाते आणि उरलेल्या पोकळीत पंचधातूचा रस ओततात. अखेरीस साचा फोडावा लागतो. एका साच्याची एकच मूर्ती. येथे जे नष्ट होते ते काही देऊन जाते, ही गोष्ट मला नेहमीच आश्वासक वाटत आली.

ऑगस्टा सॅव्हेज (१८९२–१९६२) या कृष्णवर्णीय अमेरिकन शिल्पकर्तीचे चरित्र वाचताना मात्र त्या आश्वासनाला तडा गेला. फ्लॉरिडात मातीची बदके घडविणाऱ्या या मुलीला तिचे धर्मोपदेशक वडील मारीत. मूर्ती घडविणे हे त्यांच्या लेखी पाप होते. १९२३ मध्ये फ्रान्समधील एका कलाशाळेने केवळ वर्णामुळे तिला प्रवेश नाकारला. पुढे १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तिने ‘द हार्प’ हे सोळा फूट उंचीचे शिल्प केले. उंचीच्या क्रमाने उभे असलेले कृष्णवर्णीय गायक याच त्या वाद्याच्या तारा. शिल्प प्लास्टरचे होते. ते ब्राँझमध्ये ओतण्यास पैसा नव्हता, ठेवण्यास जागा नव्हती. प्रदर्शन संपल्यावर ते फोडण्यात आले. मागे राहिल्या त्या छोट्या प्रतिकृती आणि छायाचित्रे.

दोन्हीकडे हात तितकेच समर्थ. स्वामिमलैच्या हातामागे देवालये, यजमान आणि घराण्याची भट्टी उभी आहे. सॅव्हेजच्या हातामागे तसे कोणी फार काळ उभे राहिले नाही. तरी हार्लेममध्ये तिने ज्या तरुणांना हात दिला त्यांत जेकब लॉरेन्स होता. कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावरील त्याची साठ चित्रांची माला (१९४०–४१) आज संग्रहालयांत सुरक्षित आहे. तिचे ओतकाम, म्हणावयाचे तर, माणसांत झाले.

आपणा वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा विषय परका नाही. तंजावरच्या शहाजी राजांची मराठी नाटके सरस्वती महालाने जपली, म्हणून आपण त्यांवर लिहू शकतो. आपला वाङ्मयेतिहास हा जे धातूत उतरले त्याचाच इतिहास असतो. फुटलेल्या प्लास्टरसाठी त्यात एक पान कोरे ठेवावे, असे मला वाटते.