सावलीतलं पान

अंजनगाव सुर्जीत आमचा पानमळा होता. शेवरी-पांगाऱ्यावर चढवलेल्या वेली, आत भर दुपारीही गारवा. आबाजी पान खुडताना म्हणत, "सावलीतलं पान कवळं रायते, बाबू. उनातलं जाड." वेल एकच, पानं वेगळी. पुढे मुंबईत अणुकेंद्रांच्या टकरींची आकडेमोड करू लागलो, तेव्हा हे वाक्य पुन्हा भेटलं.

प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन. प्रोटॉनच्या संवेगातला किती वाटा कोणाकडे, ही वाटणी मोजणं हे माझं काम. शिशाच्या केंद्रात ८२ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन. सुट्या कणांच्या वाटण्यांची बेरीज केली की शिशाची वाटणी मिळावी, असं कोणालाही वाटेल. १९८३ साली सर्नमधल्या युरोपियन म्युऑन गटाने लोखंडाच्या दर कणामागच्या मापाला ड्युटेरियमच्या तशाच मापाने भागलं. उत्तर जवळपास १ यायला हवं होतं. मोठा वाटा उचलणाऱ्या क्वार्कांपाशी आलेखाची रेघ खाली उतरली. असं का होतं, यावर चाळीस वर्षांनंतरही एकमत नाही.

मला मात्र आलेखाचं दुसरं टोक ओढतं. तिथे हजारातला एखादा भाग उचलणाऱ्या ग्लुऑनांची दाटी असते. ते एकमेकांना झाकतात. या परिणामाचं नावच ‘शॅडोइंग’, म्हणजे सावली पडणं. सर्नच्या ॲलिस प्रयोगात, ज्यात आयआयटी मुंबईही आहे, शिशाची केंद्रं एकमेकांना न शिवता जवळून जातात. एकाभोवतीच्या विद्युतक्षेत्रातला प्रकाशकण दुसऱ्यावर आदळतो आणि जे-साय नावाचा कण जन्मतो. हे कण मोजून ग्लुऑनांचा हिशेब लावला, तर ते सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांवरून धरलेल्या अंदाजाच्या साधारण ६५ टक्केच भरतात.

आमच्या कामात खोटी सावलीही पडते. यंत्राचा एखादा भाग कमी कण टिपत असला, की आलेख तिथे तसाच खचतो. म्हणून प्रत्येक दुरुस्ती एकदा घालून, एकदा वगळून मी पुन्हा मोजतो. आलेखावरच्या एका ठिपक्याची त्रुटीची रेघ किती लांब काढायची, यात महिने जातात. ते वाया गेले असं मला कधी वाटलं नाही. आबाजीही पान उलटं करून पाठ पाहिल्याशिवाय गड्डीत ठेवत नसत.

विज्ञान शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. फळ्यावर अणुकेंद्र म्हणून गोट्यांची पिशवी काढाल, तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगा, की पिशवीत गेल्यावर गोटी आतून बदलते.